वाळवंटांतला पाण्याचा डबा

जुन्या मोटारींतून खंडाळ्याचा घाट चढलेल्या मंडळींना एक देखावा खास आठवत असेल. वळणावर गाडी उभी आहे, रेडिएटरच्या तोंडांतून वाफेचा लोट उसळतो आहे, आणि कोणी तरी रिकामा डबा हातीं घेऊन पाण्याच्या शोधांत निघालें आहे. घाटांत ही अडचण घटकाभराची असे. कारण पाणी जवळपास मिळे. पण जेथें शेंकडों मैल पाण्याचा थेंब नाहीं, तेथें गाडी तापली तर काय करावें? या प्रश्नाचें उत्तर ज्यांनीं आपल्या अनुभवानें शोधलें, त्यांची हकीकत आज सांगावयाची आहे. डोंगरकपारींतून धांवणाऱ्या आजच्या मोटारसायकलीशीं तिचा काय संबंध आहे, तेंही शेवटीं पाहूं.

नाईल नदीच्या पश्चिमेस लिबियाचें वाळवंट पसरलें आहे. १९२६ सालीं राल्फ बॅग्नोल्ड नांवाचे एक ब्रिटिश लष्करी अधिकारी नेमणुकीवर इजिप्तमध्यें आले. रजेचे दिवस क्लबांत घालविण्याऐवजीं त्यांनीं व त्यांच्या मित्रांनीं एक वेगळाच छंद धरला. फोर्ड कंपनीच्या मॉडेल टी व पुढें मॉडेल ए या साध्या गाड्या घेऊन, स्वतःच्या खर्चानें, हे लोक रस्ता सोडून वाळवंटांत शिरूं लागले. पुढच्या कांहीं वर्षांत, ज्या वाळूच्या टेकड्या गाडीला अशक्य समजल्या जात, त्या त्यांनीं ओलांडल्या. या भ्रमंतीचा वृत्तान्त बॅग्नोल्ड यांनीं १९३५ सालीं पुस्तकरूपानें प्रसिद्ध केला.

या प्रवासांत वाळू हा एक शत्रू होता, तसा उष्मा हा दुसरा. एंजिन तापण्याचीं कारणें तेथें एकवटलेलीं असत. मऊ वाळूंत गाडी खालच्या गिअरमध्यें रेटावी लागे. म्हणजे एंजिन भरधांव फिरे, पण गाडी मात्र पाय ओढीत चाले. वारा पाठीमागून वाहत असला तर आणखीच पंचाईत. वाऱ्याचा व गाडीचा वेग सारखा झाला, कीं रेडिएटरच्या जाळींतून वाहावयास हवाच उरत नसे.

त्यांत मॉडेल टी गाडीची रचना लक्षांत घेण्यासारखी आहे. तिला पाणी फिरविणारा पंप नव्हता. तापलेलें पाणी हलकें होऊन वर चढतें आणि थंड झालेलें जड होऊन खालीं उतरतें, या निसर्गनियमावरच तिचें अभिसरण चाले. युक्ति सोपी, पण तिची एक अट होती: वरच्या नळीच्या तोंडापर्यंत पाणी असलेंच पाहिजे. वाफ होऊन पातळी त्या तोंडाखालीं उतरली, कीं फिरणें बंद पडलें. म्हणजे थोडें पाणी उडालें तर थोडेंच नुकसान होई असें नव्हे. थोड्याशा तुटीनें सारा व्यवहारच ठप्प होई. मग पिण्याच्या पिंपांत हात घालण्यावांचून गत्यंतर नसे. माणसानें प्यावें, कीं यंत्रानें?

सामान्य बुद्धि येथें सांगेल, कीं रेडिएटर मोठा करा, पाणी उकळूंच देऊं नका. बॅग्नोल्ड आणि त्यांचे सोबती यांनीं प्रश्न दुसऱ्या बाजूनें पाहिला. शाळेंत शिकलेलें पदार्थविज्ञान आठवा. एक ग्रॅम पाणी शून्य अंशापासून शंभर अंशांपर्यंत तापवावयास शंभर कॅलरी उष्णता लागते. पण त्याच शंभर अंशांवरील पाण्याची वाफ करावयास सुमारें पांचशें चाळीस कॅलरी खर्ची पडतात. म्हणजे उकळणारें पाणी एंजिनाची उष्णता फार मोठ्या प्रमाणावर वाहून नेत असतें. तेव्हां उकळणें हा खरा दोष नव्हे. निर्माण झालेली वाफ हातची जाऊं देणें, हा दोष होय.

एवढें उमगल्यावर उपाय अगदीं स्वस्त ठरला. रेडिएटरमधून जादा पाणी व वाफ बाहेर टाकणारी नळी मोकळी न सोडतां त्यांनीं ती गाडीच्या बाजूस बसविलेल्या एका डब्यांत नेली. डबा अर्धा पाण्यानें भरलेला असे, आणि नळीचें टोंक त्या पाण्याखालीं बुडलेलें असे. रेडिएटर उकळला, कीं वाफ डब्यांत शिरे आणि तेथल्या थंड पाण्यांत विरून पुन्हां पाणी होई. कांहीं वेळानें डब्यांतलें पाणीही तापून उकळूं लागे व त्याचे चटके देणारे शिंतोडे चालकाच्या अंगावर उडत. थांबण्याची सूचना ती हीच! मग गाडीचें तोंड वाऱ्याकडे करून एखादा मिनिट उभें राहावयाचें. रेडिएटर निवला, कीं आंतली वाफ आकसे, पोकळी उत्पन्न होई, आणि गुडगुड आवाज करीत डब्यांतलें पाणी नळीवाटें आपोआप परत रेडिएटरमध्यें ओढलें जाई. पंप नाहीं, झडप नाहीं; एक डबा, एक नळी आणि वाऱ्याकडे वळण्याचें भान.

छंद म्हणून सुरू झालेल्या या खटपटीला दुसऱ्या महायुद्धानें निराळेंच महत्त्व दिलें. १० जून १९४० रोजीं इटली युद्धांत उतरली आणि लिबियाच्या बाजूनें इजिप्तला धोका निर्माण झाला. बॅग्नोल्ड यांनीं सेनापति वेव्हेल यांच्यापुढें वाळवंटांत दूरवर टेहळणी करणाऱ्या पथकाची योजना मांडली. ती मान्य होऊन जुलैमध्यें तुकडी उभी राहिली. तीच पुढें लाँग रेंज डेझर्ट ग्रूप या नांवानें प्रसिद्धीस आली. पहिले सैनिक बहुतेक न्यूझीलंडचे होते. त्यांच्या शेव्हरोलेट ट्रकांवर तोच डबा बसविलेला होता. माणशीं दिवसाला सुमारें सहा पिंट, म्हणजे साडेतीन लिटरांहून कमीच, पाणी वांटून दिलें जाई. पुढें हिंदी घोडदळाच्या पलटणींतून निवडलेल्या जवानांचें इंडियन लाँग रेंज स्क्वाड्रनही या कामांत सामील झालें.

या हिशेबामागें काय होतें, तें एका प्रसंगावरून ध्यानांत येईल. ३१ जानेवारी १९४१ रोजीं कुफ्राच्या दक्षिणेस जेबेल शरीफ येथें एका पथकावर इटालियन तुकडीनें हल्ला केला. ट्रक जळाले आणि खडकांत लपलेले चार जण मागें राहिले. शरण जाण्याऐवजीं ट्रूपर मूर व त्याचे तीन सोबती दक्षिणेकडे पायीं निघाले. जवळ होता दोन गॅलनांचा एकच पाण्याचा डबा. दहा दिवसांनीं मूर सांपडला, तेव्हां तो सुमारें २१० मैल चालला होता व अजूनही चालतच होता. सोबत्यांपैकीं एकानें मात्र, मदत मिळाल्यावरही, प्राण सोडला. दोन गॅलन पाणी! उघड्या नळीचा, उकळणारा रेडिएटर एवढें पाणी एका दिवसांत सहज हवेंत उडवूं शकतो.

आतां मोटारसायकलीकडे वळूं. तिच्या एंजिनाला बहुधा पाणी नसेच. धातूच्या पातळ पंख्यांवरून वाहणारा वारा तिला थंड ठेवी. इंग्लंडांत स्कॉट यांनीं १९०८ पासून पाण्यानें थंड होणाऱ्या गाड्या विकल्या, पण तो अपवाद. चढावर, चिखलांत, खडकांवर गाडी सावकाश चालते. तेथें वारा मिळत नाहीं आणि एंजिन मात्र पेटलेलें असतें. म्हणून रस्ता सोडून धांवणाऱ्या शर्यतींच्या गाड्यांतही पाणी आलें. १९८१ सालीं यामाहानें आपल्या वायझेड १२५ या गाडीवर पुढें हॅंडलाजवळ रेडिएटर बसविला. पुढें तो टांकीच्या दोन्ही बाजूंस खालीं उतरला. आज हौशी स्वार त्यांत आणखी सुधारणा करतात. कोणी विजेचा पंखा लावतो. कोणी अधिक दाबाचें झांकण बसवितो. कारण एक वातावरणाचा जादा दाब असला, तर पाणी सुमारें एकशेंवीस अंशांवर उकळतें. याच कारणानें तापलेलें झांकण कधींही उघडूं नये. दाब जातांच कढत पाणी व वाफ एकदम उसळून अंगावर येतात. आणि कोणी रेडिएटरच्या नळीला एक लहानशी बाटली जोडतो. एंजिन तापलें कीं पाणी बाटलींत जातें, निवलें कीं झांकणांतल्या उलट झडपेंतून परत येतें. मात्र नळीचें टोंक पाण्यांत बुडलेलें हवें, नाहीं तर पाण्याऐवजीं हवाच आंत येईल.

ती बाटली म्हणजे वाळवंटांतल्या त्या डब्याचीच लहान बहीण होय. जें फुकट जात होतें तें अडवावें, थोडा वेळ सांभाळावें आणि जेथलें तेथें परत करावें, एवढाच त्या डब्याचा धर्म. आपल्याकडे पाण्याचा प्रत्येक हंडा डोक्यावर वाहून आणणाऱ्या गांवांतील माणसाला हा धर्म कोणा शास्त्रज्ञानें शिकवावा लागत नाहीं. शहरांतल्या नळाखालीं उभे राहणारे आपण मात्र तो एकदां पुन्हां आठवावा.