हत्तीवरून उतरलेले गाव

दिवाळीची सुटी लागली की आमच्या अक्कलकोटची वस्ती एका रात्रीत वाढते. पुण्यामुंबईच्या गाड्या येतात, धर्मशाळा भरतात, पेढेवाल्याला मान वर करायला फुरसत राहत नाही. आलेली मंडळी वटवृक्षाखाली स्वामींचे दर्शन घेतात, १९८८ साली सुरू झालेल्या अन्नछत्रात प्रसादाला बसतात, जमल्यास राजवाड्यातले शस्त्रागार पाहतात आणि दिवेलागणीच्या आत सोलापूरचा रस्ता धरतात. त्यांचे काही चुकत नाही. यात्रेकरूने यात्राच करावी. माझी तक्रार आहे ती आम्हा गावकऱ्यांविषयी. अलीकडे आम्हीही आमचे गाव यात्रेकरूंच्या नजरेने पाहू लागलो आहोत.

गेल्या वर्षी मी वर्गाला 'माझे आवडते ठिकाण' हा निबंध घातला. निम्म्या मुलांनी महाबळेश्वर लिहिले. त्यांतली बहुतेक तिथे कधी गेलेली नाहीत. उरलेल्यांनी देऊळ लिहिले, तेही आरतीच्या वेळापत्रकासकट. एका पोराने मात्र घरामागच्या गोट्या खेळायच्या जागेवर लिहिले होते. सात ओळी आणि शुद्धलेखनाच्या अकरा चुका! त्याला मी सर्वांत अधिक गुण दिले, तेव्हा वर्ग खो खो हसला. वर्गाला वाटले, मास्तरांनी थट्टा केली. पण गावचा इतिहास त्या पोराच्या बाजूने आहे, आणि तो कसा, हेच मला सांगायचे आहे.

अक्कलकोटच्या राजघराण्याची सुरुवात एका पोरापासूनच होते. औरंगजेब वारल्यावर १७०७ साली शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटले आणि साताऱ्याकडे निघाले. वाटेत मराठवाड्यातल्या पारद गावी पाटलाशी लढाई जुंपली. सयाजी लोखंडे पाटील तीत पडला. त्याच्या विधवेने आपले लेकरू महाराजांच्या पायांवर घातले. महाराजांनी ते उचलून घेतले, आणि स्वराज्यात पाऊल टाकताना मिळालेला पहिला विजय म्हणून त्याचे नाव ठेवले फत्तेसिंह. राणोजी लोखंड्याचा फत्तेसिंह भोसले झाला तो असा. विरूबाईंनी त्याला पोटच्या पोरासारखे वाढवले. पुढे १७४१ साली त्रिचनापल्ली घेणाऱ्या कर्नाटकच्या मोहिमेवर रघूजी भोसल्यांबरोबर त्याचे नाव आले आणि अक्कलकोटची जहागीर त्याच्या वंशात चालली. हे सारे इतिहासाच्या पुस्तकांत आहे. त्या पुस्तकांना जिची फारशी किंमत नाही ती गोष्ट मला मोठी वाटते. शाहू महाराज स्वतः वयाच्या सातव्या वर्षी कैदेत गेले होते. ज्याचे सारे पोरपण छावणीत सरले, त्या माणसाने सुटल्याबरोबर दुसऱ्याचे पोर कडेवर घेतले. आमचे संस्थान त्या कडेवरून खाली उतरले आहे.

संस्थान म्हणजे तरी किती? ४९८ चौरस मैल आणि १९०१ च्या शिरगणतीत ८२,०४७ माणसे. १९४८ साली ते मुंबई राज्यात विलीन झाले आणि आम्ही सोलापूर जिल्ह्यातला एक तालुका झालो. आगगाडीनेही आम्हाला जरा लांबच ठेवले. सोलापूरहून निघालेला लोहमार्ग १८७१ साली रायचूरला पोचला, पण गावाच्या नावाचे स्टेशन गावापासून दहा-अकरा किलोमीटरवर. 'अक्कलकोट रोड' यातल्या 'रोड'चा अर्थ नवख्या पाहुण्याला सामान घेऊन खाली उतरल्यावर कळतो! मला विचाराल तर या अंतराने आमच्यावर उपकारच केले. गाव चालण्याच्या बेताचे राहिले.

आणि चालण्याचा धडा आमच्या गावाने राजालाही दिलेला आहे. स्वामी समर्थ १८५७ च्या सुमारास येथे आले आणि ३० एप्रिल १८७८ रोजी समाधिस्थ झाले. त्या वेळी गादीवर मालोजीराजे. ते लवाजम्यानिशी हत्तीवर बसून दर्शनाला आले, तेव्हा स्वामींनी त्यांच्या मुस्कटात दिली आणि तेव्हापासून राजे पायी येऊ लागले, असे आमच्याकडे सांगतात. मुस्कटात दिल्याचे पाहुणे भक्तिभावाने ऐकतात. माझे मन मात्र राजाच्या त्या पायी चालण्यावर जाते. हत्तीवरून त्याला काय दिसत असेल? कौले आणि फार तर अंगणातली तुळस. पायी चालू लागल्यावर त्याला आपल्याच राजधानीतली दारे दिसली असतील, दारांतली माणसे दिसली असतील, आणि कुणाच्या चुलीवर काय रटरटते आहे त्याचा वास प्रथमच नाकाशी आला असेल.

गोपाळबुवा केळकरांची स्वामींवरची बखर भाविक लोक चमत्कारांसाठी वाचतात. मी ती गल्ल्यांसाठी वाचतो. वीस-बावीस वर्षे हा पुरुष आमच्या गावात राहिला, पण त्याचा एक महाल नाही, एक आसन नाही. आज खंडोबाच्या देवळात, उद्या चोळप्पाच्या घरी. कधी हाक्या मारुतीपाशी, कधी शेख नूर बाबांच्या दर्ग्यात, कधी कुणाच्या मळ्यात. रिसालदार अहमद अली खानाने थट्टेने रिकामी चिलीम पुढे केली आणि तिच्यातून धूर निघाला, ही कथा चमत्काराची खरी. पण देवळाच्या कट्ट्यावर एक घोडेस्वार आणि एक अवलिया निवांत बसून चिलीम ओढताहेत, हे चित्र केवढे घरगुती आहे! आणि स्वामींची तसबीर घरोघरी असूनही तिच्यातली जी वस्तू आपण नीट पाहत नाही ती त्यांच्या बोटांतली गोटी. ते पोरांबरोबर गोट्या खेळत, असे जुनी माणसे सांगत आली आहेत. शेवटी समाधीही झाली ती चोळप्पाच्या राहत्या घरातच. बुधवार पेठेतला समाधी मठ आजही चार घरांच्या शेजाराने उभा आहे. वटवृक्षाशी रांग असते तेव्हा तिथे संध्याकाळी जावे. बाहेर पायरीवर कुणी लसूण सोलीत बसलेले असते.

याच पेठेतून बाजाराकडे निघाले की भाषेची मौज सुरू होते. १९६७ साली महाजन आयोगाने आमचा अख्खा तालुका म्हैसूर राज्याला देऊन टाकावा, अशी शिफारस केली होती. वर्तमानपत्रांतून त्यावर रणे माजली. आमची भाजीवाली तेव्हाही आणि आजही कानडीत मोजते, मराठीत भाव करते आणि भाव मोडला तर दखनीत तुमचा उद्धार करते. ओळखीच्या गिऱ्हाइकाला 'ऊटा आतेनु?' म्हणजे जेवण झाले का, हे विचारल्याशिवाय ती तराजू उचलीत नाही. ही चौकशी ज्याला रोज फुकट मिळते त्याने महाबळेश्वरला कशासाठी जावे? त्याच रस्त्याला पुढे वाळवून कडक केलेल्या ज्वारीच्या भाकऱ्यांच्या चवडी असतात. पाहुणे त्या मुंबईला नेतात आणि पापडासारख्या जपून खातात. आम्ही त्या शेंगाचटणीबरोबर खातो तेव्हा शेजारच्या घरात आवाज जातो.

पण हे सारे वर्षभराचे. मी वाट पाहतो ती मार्गशीर्षातल्या अमावास्येची. कानडीत एळ्ळ अमावास्या, मराठीत वेळ अमावास्या आणि तोंडी नुसती 'येळवस'. त्या दिवशी गावाला जणू कुलूप लागते. ज्याचे शेत आहे तो शेतात, आणि ज्याचे नाही तो शेत असलेल्याच्या शेतात. ज्वारी कमरेच्या वर आलेली असते. तिच्यात कडब्याची खोप करायची, पाच पांडवांची पूजा मांडायची आणि मग भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे. भज्जी म्हणजे तळलेली भजी नव्हेत. नाना भाज्यांचा आणि ओल्या दाण्यांचा तो एक दाट मेळ असतो. पत्रिका नाही, आमंत्रण नाही. बांधावरून जाणाऱ्याला हाक मारायची आणि त्याने बसायचे. माझ्या मालकीचा वावभर तुकडा नाही, पण येळवसला मी आजवर कधी घरी जेवलेलो नाही.

यंदा त्या अकरा चुकांच्या पोराच्या बापाने मला बोलावले आहे. शेत नागणसूरच्या रस्त्याला आहे. गाडी पाठवतो म्हणाला होता. मी चालतच येतो म्हणून कळवले आहे. पोराचे एकच सांगणे आहे, की येताना मास्तरांनी गोट्या आणाव्यात.