जुन्या मार्कचं आणि लिराचं काय झालं?

घरात जुनी जर्मन मार्कची नोट सापडली, तर आधी साल बघा. १९४८ किंवा त्यानंतरची असेल, तर बुंडेसबँक आजही ती बदलून देते, मुदतच नाही. परदेशातून पोस्टानेही पाठवता येते. दर कायमचा: १ युरोला १.९५५८३ मार्क, म्हणजे शंभराचे ५१.१३ युरो.

इटलीत उलटं घडलं. लिराची मुदत २८ फेब्रुवारी २०१२ होती. पण कर्जसंकटात सापडलेल्या सरकारने ६ डिसेंबर २०११लाच खिडकी बंद केली. उरलेल्या नोटांची किंमत तिजोरीत जमा! कायद्याने दिलेल्या तारखेवर विसंबलेले लोक बुडाले. मला तरी ही सरळ फसवणूक वाटते. २०१५मध्ये घटनात्मक न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. पैसे मात्र त्या मधल्या काळात अर्ज केल्याचा पुरावा असणाऱ्यांनाच मिळाले.