पाहणाऱ्याची दृष्टि

चित्रपटाचा इतिहास सांगावयास बसलें म्हणजे यंत्रें, निर्माते, नटनट्या आणि तारखा ह्यांचीच यादी पुढें येते. ज्यानें पैसे मोजून तिकीट काढलें आणि अंधारांत बसून पडद्याकडे पाहिलें, त्या प्रेक्षकाला त्या यादींत जागा नसते. वस्तुतः पडद्यावर चित्र उमटतें तेव्हां अर्धेंच काम झालेलें असतें. उरलेलें अर्धें पाहणाऱ्याच्या मनांत व्हावयाचें असतें. हें मन कसकसें बदलत गेलें, हें पाहिल्यावांचून ह्या कलेचा इतिहास पुरा होत नाहीं.

पॅरिस शहरीं ल्युमिएर बंधूंनीं २८ डिसेंबर १८९५ रोजीं हलतीं चित्रें पैसे घेऊन लोकांना दाखविलीं. त्यानंतर सातच महिन्यांच्या आंत, म्हणजे ७ जुलै १८९६ रोजीं, मुंबईच्या वॉटसन हॉटेलांत तींच चित्रें आलीं. तिकीट एक रुपया होतें आणि चित्रें सहा. त्यांत कारखान्यांतून बाहेर पडणारे कामगार होते, समुद्रांत पोहणारीं मुलें होतीं, पाडली जाणारी भिंत होती, आणि स्टेशनांत येणारी आगगाडीही होती. ती गाडी अंगावर येते असें वाटून लोक पळत सुटले, अशी एक कथा पुढें जगभर पसरली. पॅरिसच्या त्या पहिल्या खेळांत गाडीचें चित्र मुळीं नव्हतेंच, आणि लोक पळाल्याचा खात्रीलायक पुरावा इतिहासकारांना मिळालेला नाहीं. तरीही ती कथा टिकून राहिली, ह्यालाही कारण आहे. पहिल्या प्रेक्षकाला जो धक्का बसला तो भीतीचा नसून आश्चर्याचा होता, आणि तें आश्चर्य सांगावयास लोकांना दुसरे शब्द सांपडले नाहींत. भिंत, पाणी, गाडी हें सारें त्यांनीं रोज पाहिलेलेंच होतें. नवल वस्तूंचें नव्हतें. गेलेला क्षण पुन्हा डोळ्यांपुढें येतो, ह्याचें होतें.

लवकरच हे खेळ वॉटसन हॉटेलांतून नॉव्हेल्टी नाटकगृहांत आले, तिकिटें चार आण्यांपासून मिळूं लागलीं, आणि मुंबईचा सामान्य रहिवासीही पडद्यासमोर येऊन बसला. ह्या नव्या खेळानें भारलेल्यांपैकीं हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा हे एक होत. व्यवसायानें ते छायाचित्रकार होते. हलतीं चित्रें पाहून ते केवळ थक्क होऊन राहिले नाहींत. त्यांनीं विलायतेहून तसलेंच यंत्र मागविलें आणि १८९९ सालीं मुंबईंतील एका कुस्तीचें चित्रण केलें. १९०१ सालीं रँग्लर परांजपे केंब्रिजचा बहुमान मिळवून परत आले, तेव्हां त्यांच्या स्वागताचेंही चित्रण सावेदादांनीं केलें. कुस्ती आणि स्वागतसमारंभ हे दोन्ही आपल्याकडील विषय. दुसऱ्याच्या देशांतील गाडी पाहून ‘आपलेंही असेंच दिसेल काय?’ हा प्रश्न ज्याच्या मनांत प्रथम उभा राहिला, त्याची गणना साध्या प्रेक्षकांत करतां येत नाहीं.

हाच प्रश्न धुंडिराज गोविंद फाळके ह्यांच्या मनांत किती खोल गेला, हें सर्वांना ठाऊक आहे. परंतु त्याचें मर्म क्वचितच लक्षांत घेतलें जातें. १९१०-११ च्या सुमारास गिरगांवांतील एका तंबूच्या चित्रगृहांत त्यांनीं येशू ख्रिस्ताच्या चरित्रावरील मूकपट पाहिला. तेव्हां त्यांचें वय चाळिशीचें होतें. चित्रकला, छायाचित्रण, छपाई अशा अनेक कलांत हात घालून झाला होता आणि भागीदाराशीं न पटल्यामुळें छापखाना सुटलेला होता. आजूबाजूचे लोक पडद्यावरील ख्रिस्त पाहत होते. फाळक्यांना मात्र त्याच पडद्यावर राम आणि कृष्ण, गोकुळ आणि अयोध्या दिसूं लागली. डोळ्यांनीं एक पाहावें आणि मनानें दुसरें, हा अनुभव त्यांनीं पुढें १९१७ सालीं ‘नवयुग’ मासिकांत स्वतःच लिहून ठेविला आहे. परक्या धर्माची कथा पाहून त्यांच्या मनांत द्वेष उपजला नाहीं कीं आंधळें अनुकरणही उपजलें नाहीं. एक समाज आपल्या पूज्य कथा ह्या साधनानें सांगूं शकतो, तर दुसऱ्यानें कां सांगूं नयेत, इतकाच तो विचार होता.

ह्या पाहण्याची किंमत त्यांनीं पुरेपूर मोजली. चित्रपट पाहण्याचा आणि त्याची रचना समजून घेण्याचा त्यांना असा ध्यास लागला कीं, डोळ्यांवर ताण पडून कांहीं काळ दृष्टिच जाण्याची वेळ आली. वैद्यकीय उपचारांनीं ती परत आली. पुढें त्यांनीं आयुष्याचा विमा गहाण टाकला आणि १९१२ सालच्या आरंभीं लंडन गांठलें. परत आल्यावर कुंडींत एक बीं पेरून त्याच्या अंकुराची वाढ दिवसेंदिवस टिपली आणि ती थोड्या मिनिटांत दाखविली. भांडवल देणाऱ्यांचा विश्वास बसावा म्हणून केलेला हा प्रयोग होता. ‘राजा हरिश्चंद्र’ उभा राहिला तो घरच्या मंडळींच्या कष्टांवर. पत्नी सरस्वतीबाईंनीं फिल्मला छिद्रें पाडण्यापासून कामगारांच्या जेवणापर्यंत सर्व भार वाहिला. ३ मे १९१३ रोजीं गिरगांवच्या कॉरोनेशन चित्रगृहांत तो मूकपट लोकांपुढें आला.

प्रेक्षकांची तऱ्हा मात्र सर्वत्र सारखी नव्हती. रात्ररात्र चालणारें नाटक पाहण्याची ज्यांना सवय, त्यांना तासाभरांत संपणारा मुका खेळ महाग वाटे. सुरतेस पहिल्या दिवशीं गल्ला अवघा तीन रुपये जमला, असें सांगतात. तेव्हां फाळक्यांनीं सत्तावन्न हजार छायाचित्रें तीन आण्यांत पाहावयास मिळतात अशी जाहिरात केली आणि गर्दी लोटली. १९१७ च्या ‘लंकादहना’च्या वेळीं चित्र निराळें झालें. पडद्यावर राम दिसतांच प्रेक्षक हात जोडीत. त्या चित्रांत राम आणि सीता ह्या दोन्ही भूमिका अण्णा साळुंके ह्या एकाच पुरुषानें केल्या होत्या; परंतु भाविकाला त्याची अडचण वाटली नाहीं. कीर्तनांत एकच हरिदास राम होतो, सीता होतो आणि रावणही होतो, ही संवय प्रेक्षक घरूनच घेऊन आला होता.

१९३१ च्या मार्चांत ‘आलम आरा’नें पडद्याला वाचा दिली. १९३२ सालीं प्रभात कंपनीचा ‘अयोध्येचा राजा’ निघाला, तोही हरिश्चंद्राचीच कथा घेऊन. १९१३ सालीं तारामतीचें काम करावयास स्त्री मिळाली नाहीं, म्हणून तें साळुंक्यांकडे आलें. १९३२ सालीं दुर्गाबाई खोटे ह्या सुशिक्षित, प्रतिष्ठित घराण्यांतील बाई तारामती झाल्या. कथा एकच, परंतु एकोणीस वर्षांत प्रेक्षक इतका पुढें आला होता कीं, त्याला आतां तारामतीचा शोक स्त्रीच्याच कंठांतून ऐकावयाचा होता.

ह्यानंतर थोड्याच अवधींत प्रभातनें दोन निरनिराळीं चित्रें दिलीं आणि एकाच प्रेक्षकाचीं दोन मनें उघडीं केलीं. १९३६ च्या ‘संत तुकाराम’मध्यें दामले-फत्तेलाल ह्यांनीं विष्णुपंत पागनीसांकडून तुकोबांची भूमिका करवून घेतली. मुंबईस तो एका चित्रगृहांत वर्षाहून अधिक काळ चालला, आणि १९३७ सालीं व्हेनिसच्या महोत्सवांत त्याचा गौरव झाला. तुकोबांपुढें प्रेक्षकाचें मस्तक लवे; पण संसार चालवितां चालवितां देवावर रागावणारी जिजाई पाहून त्याला हसूं येई आणि गहिंवरही येई, कारण ती त्याच्याच घरांतील होती. १९३७ च्या ‘कुंकू’नें हें सुख प्रेक्षकाला दिलें नाहीं. नारायण हरि आपट्यांच्या कादंबरीवरील ह्या बोलपटांत म्हाताऱ्याशीं फसवून लग्न लावलेली नीरा त्याला पति मानण्यास नकार देते. येथें हात जोडून मोकळें होण्याची सोय नव्हती. शेजारच्या, किंबहुना स्वतःच्या घरांत झालेलें एखादें लग्न आठवे, आणि प्रेक्षक प्रश्न घेऊन घरीं परते. एका चित्रानें मन निवलें, दुसऱ्यानें तें ढवळलें. आणि दोहोंनाही लोकांनीं आपलें म्हटलें, हें त्या पिढीला भूषणास्पद आहे.

पुढें पडदाच घरांत आला. दिल्लीस १५ सप्टेंबर १९५९ रोजीं दूरचित्रवाणीचा प्रयोग सुरू झाला, आणि मुंबईस २ ऑक्टोबर १९७२ रोजीं केंद्र निघालें. आरंभीं संच थोडे होते. ज्याच्या घरीं संच त्याच्या घरीं सारी चाळ, अशी स्थिति कित्येक वर्षें होती. २५ जानेवारी १९८७ पासून रामानंद सागरांचें ‘रामायण’ रविवारीं सकाळीं दिसूं लागलें, तेव्हां रस्ते ओस पडत आणि कित्येक घरीं संचाला हार घालून उदबत्ती लावीत. सुशिक्षितांपैकीं पुष्कळांनीं ह्याला भोळेपणा म्हटलें. परंतु सत्तर वर्षांपूर्वीं ‘लंकादहन’ पाहतांना जोडलेले हात हेच होते. मार्च १९२० नव्हे, तर मार्च २०२० मध्यें, रोगाच्या साथीनें माणसें घरांत कोंडलीं गेलीं असतां, तीच मालिका पुन्हा दाखविण्यांत आली. ज्यांनीं ती लहानपणीं शेजाऱ्याच्या ओट्यावर बसून पाहिली होती, ते आतां आपल्या मुलांना जवळ घेऊन बसले.

हातांत मावणाऱ्या पडद्याच्या ह्या दिवसांत एकाच घरांतील चार माणसें चार खोल्यांत चार निरनिराळीं चित्रें पाहतात. चित्रें वाईट असतात असें नाहीं. कित्येक उत्तमही असतात. परंतु पाहून झाल्यावर तें सांगावयाचें कोणाला, हा प्रश्न उरतो. न सांगितलेलें आश्चर्य लवकर विझतें, आणि मनांत उठलेला प्रश्न दुसऱ्याच्या कानीं गेला नाहीं तर त्याचें पुढें कांहीं होत नाहीं. फाळक्यांनीं ख्रिस्ताचा तो मूकपट पुन्हा पाहिला आणि सरस्वतीबाईंनाही नेऊन दाखविला. पैसा नव्हता, डोळे दुखत होते, धंदा सुटला होता. तरी आपल्याला काय दिसलें तें घरच्या माणसाला दिसावें, ही त्यांची पहिली धडपड होती. ‘राजा हरिश्चंद्र’चा आरंभ यंत्र विकत घेण्यापूर्वींच, त्या नवराबायकोंच्या बोलण्यांत झाला होता.