बंदुकीचा परवाना आणि न विचारलेला प्रश्न

१/ गोंदिया जिल्ह्यातील एखाद्या नागरिकाला स्वसंरक्षणासाठी पिस्तूल हवे असेल, तर त्याचा अर्ज जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे जातो. पोलीस त्याचे चारित्र्य पाहतात, गुन्ह्यांची नोंद पाहतात, त्याच्या जिवाला खरोखर धोका आहे का हे तपासतात. मात्र ‘हे शस्त्र याला चालवता येते का?’ हा प्रश्न देशातील प्रत्येक अर्जदाराला सक्तीने विचारला जाण्यासाठी २०१६ साल उजाडावे लागले. त्या दीर्घ मौनाचा हा इतिहास.

२/ या मुलखाला शस्त्रे परकी नव्हती. आजचा गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला. त्यापूर्वीचा हा सारा प्रदेश नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होता. कामठा, आमगाव अशा जमीनदाऱ्या येथे नांदत होत्या. शस्त्रविद्या घराण्यात आणि चाकरीत शिकली जाई. १८५३ मध्ये डलहौसीने नागपूरचे राज्य खालसा केले आणि ही व्यवस्था मोडू लागली.

३/ चारच वर्षांनी १८५७ चा उठाव झाला. त्यानंतर इंग्रजांनी नि:शस्त्रीकरणाचे धोरण हाती घेतले आणि १८७८ मध्ये लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत शस्त्र कायदा आला. हिंदी माणसाला परवान्याची सक्ती आणि युरोपीय माणसाला सूट, हे त्याचे मर्म होते. त्या कायद्यापुढे प्रश्न एकच होता : शस्त्र कोणाच्या हातात आहे? तो हात शिकलेला आहे की अडाणी, याच्याशी राज्यकर्त्यांना कर्तव्य नव्हते.

४/ याच लिटनने त्याच वर्षी देशी वृत्तपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदाही केला. तो रिपनच्या काळात रद्द झाला. शस्त्र कायदा मात्र टिकला. १८८७ च्या मद्रास काँग्रेसने त्याविरुद्ध ठराव केला. टिळकांनी त्यावर टीका केली. अहिंसेच्या उपासक गांधीजींनीही १९१८ च्या सैन्यभरतीच्या पत्रकात या कायद्याला इंग्रजी राजवटीच्या काळ्याकुट्ट कृत्यांत गणले.

५/ १९३१ च्या कराची अधिवेशनात काँग्रेसने मूलभूत हक्कांचा ठराव केला. त्यात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क समाविष्ट होता. म्हणूनच स्वातंत्र्यानंतर हा हक्क संविधानात येईल, अशी अनेकांची अपेक्षा होती.

६/ डिसेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत ही चर्चा झाली. मध्य प्रांत-वऱ्हाडातून, म्हणजे भंडारा-गोंदिया ज्या प्रांतात होते तेथूनच, निवडून गेलेले ह. वि. कामत यांनी शस्त्र बाळगण्याच्या हक्काची दुरुस्ती सुचवली. तिला विरोध केला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. असा सरसकट हक्क दिला, तर चोर-दरोडेखोरही त्यावर दावा सांगतील, असा त्यांचा आक्षेप होता.

७/ पण बाबासाहेब तेथेच थांबले नाहीत. आग्रह धरायचा तर शस्त्र धारण करण्याच्या हक्काचा नव्हे, कर्तव्याचा धरावा, असे त्यांनी सांगितले. राष्ट्रावर संकट आले असता शस्त्र हाती घेणे हे नागरिकाचे कर्तव्य आहे. सभेने दुरुस्ती फेटाळली. (पुढे १९५४ मध्ये बाबासाहेबांनी याच भंडारा मतदारसंघातून लोकसभेची पोटनिवडणूक लढवली आणि ते पराभूत झाले.)

८/ हक्क कागदावर मिळतो. कर्तव्य पार पाडायला शिकावे लागते. त्या काळात शिकवण्याचे प्रयत्नही झाले. १९४६ मध्ये मुंबई प्रांतात होमगार्ड उभे राहिले, १९४८ मध्ये राष्ट्रीय छात्र सेना आली. १९५१ मध्ये राष्ट्रीय रायफल संघटना स्थापन झाली. तिचे पहिले अध्यक्ष होते लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळंकर. नेमबाजीची मावळंकर स्पर्धा आजही त्यांच्या नावाने ओळखली जाते.

९/ लिटनचा कायदा अखेर १९५९ च्या कायद्याने गेला. नवा कायदा १ ऑक्टोबर १९६२ पासून अंमलात आला. विधेयकासोबतच्या निवेदनात म्हटले होते की परवानाधारक, शिकारी आणि नेमबाज आणीबाणीच्या प्रसंगी देशाच्या फार उपयोगी पडतील. ही बाबासाहेबांच्या ‘कर्तव्या’चीच छाया. पण परवानाधारकाला शस्त्र चालवता येते, हे गृहीतच धरले गेले.

१०/ या कायद्याचे कलम १३ गोंदियासारख्या धानपट्ट्यासाठी महत्त्वाचे. पिकाच्या रक्षणासाठी ठासणीची बंदूक आणि संरक्षण वा खेळासाठी किमान २० इंच नळीची गुळगुळीत नळीची बंदूक यांच्या परवान्याबाबत कायदा उदार आहे. पिस्तूल-रिव्हॉल्व्हरसाठी मात्र ‘सबळ कारण’ दाखवावे लागते.

११/ ठासणीची ही बंदूक पूर्व विदर्भात ‘भरमार’ म्हणून ओळखली जाते. नळीच्या तोंडातून दारू आणि छर्रे ठासायचे, एक बार काढायचा, पुन्हा ठासायचे. दारू जास्त झाली तर नळी फुटून चालवणाऱ्याचाच हात जातो. ही विद्या वर्गात शिकवली गेली नाही. ती जाणत्या हातांकडून उचलावी लागे. पुढे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार आवळली आणि नक्षल चळवळीमुळे जंगलगावात बंदूक असणे हीच जोखीम ठरली. हात शिकवणारी जुनी शाळा अशी बंद पडत गेली.

१२/ पिस्तुलाची गोष्ट आणखी अवघड. नळी आखूड, त्यामुळे हात केसभर हलला तरी नेम कितीतरी चुकतो. खांद्याचा आधार नाही. लहान असल्यामुळे ते चुकून स्वत:कडे किंवा शेजाऱ्याकडे सहज वळते. म्हणजे ज्या शस्त्राला सर्वांत जास्त सराव लागतो, तेच ‘जवळ असले की पुरे’ या समजुतीने घेतले जाते.

१३/ २०१४ मध्ये कानपूरच्या आयुध निर्माणीने महिलांना समोर ठेवून ‘निर्भीक’ हे .३२ चे हलके रिव्हॉल्व्हर आणले. किंमत सव्वा लाखाच्या आसपास. नावातच आश्वासन होते. पण भीती जाते ती सरावाने, आणि सराव कोठे करायचा हे त्या पेटीत लिहिलेले नव्हते.

१४/ १५ जुलै २०१६ रोजी नवे शस्त्र नियम प्रसिद्ध झाले आणि परवान्याच्या अर्जदाराला सुरक्षा प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र आवश्यक ठरले. शस्त्र सुरक्षितपणे हाताळणे, गोळी झाडण्याचे तंत्र, निगा, साठवण आणि ने-आण हे त्याचे विषय. लिटनच्या कायद्यापासून १३८ वर्षांनी सरकारने तो प्रश्न विचारला.

१५/ प्रमाणपत्र मिळाले म्हणजे विद्या आली, असे मात्र नाही. जिल्हा आणि राज्य रायफल संघटनांची परंपरा मुख्यत: खेळाची आहे. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्णपदक जिंकणारी कोल्हापूरची राही सरनोबत याच परंपरेची लेक. स्थिर हात, श्वास आणि चाप यांची शिस्त खेळ उत्तम शिकवतो. अंधारात, घाबरलेल्या अवस्थेत, घरात मुले असताना काय करायचे, हा वेगळा धडा आहे.

१६/ चांगला प्रशिक्षक ओळखण्याच्या खुणा साध्या आहेत. तो पहिल्या दिवशी गोळी झाडू देत नाही. प्रत्येक शस्त्र भरलेलेच आहे असे मानायला शिकवतो. नळी कधीही माणसाकडे वळू देत नाही. नेम ठरेपर्यंत बोट चापाबाहेर ठेवायला लावतो. लक्ष्याच्या मागे काय आहे ते पाहायला सांगतो. शस्त्र रिकामे करणे आणि कुलूपबंद ठेवणे पुन:पुन्हा घोटून घेतो. आणि कायदा शिकवतो.

१७/ कारण स्वसंरक्षणाच्या हक्कालाही मर्यादा आहेत. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये त्या दिल्या आहेत. पोलिसांची मदत घेण्यास वेळ असेल तर हा हक्क उरत नाही. बचावासाठी आवश्यक त्याहून अधिक इजा करता येत नाही. समोरच्याचा जीव घेण्याची मुभा मृत्यूची वा गंभीर इजेची रास्त भीती अशा मोजक्या प्रसंगांतच आहे. हा निर्णय क्षणात घ्यावा लागतो. त्याची तयारी मात्र वर्षानुवर्षांची असते.

१८/ लिटनला हिंदी माणसाच्या हातातील शस्त्राची भीती होती, म्हणून त्याने परवाना निर्माण केला. बाबासाहेबांनी शस्त्राला कर्तव्याची जोड दिली. या दोहोंच्या मधली रिकामी जागा प्रशिक्षणाची आहे. आज गोंदियातील एखादा अर्जदार रेल्वेने १३० किलोमीटरवरच्या नागपुरास शिकायला निघतो, तेव्हा तो प्रमाणपत्रासाठी जातो की विद्येसाठी, हे त्याचे त्यालाच ठरवावे लागते. परवाना सरकार देते. चापापासून बोट दूर ठेवण्याचे बळ सरावच देतो.