कोवाडोंगाचा घाट

स्पेन हा देश आपल्याला परिचित आहे तो संतांमुळे. लोयोलाचे संत इग्नेशियस, आविलाची संत तेरेजा, जावियरच्या गढीत जन्मलेले संत फ्रान्सिस झेवियर ही नावे आपल्या घराघरांत लेकरांना ठेवली जातात. त्याच देशाच्या उत्तर टोकाला आस्तुरियास नावाचा एक डोंगराळ प्रांत आहे. त्याची वार्ता मात्र आपल्याकडे क्वचितच येते. एका अंगाला बिस्केचा उपसागर, दुसऱ्या अंगाला कांताब्रियन पर्वताची भिंत आणि मधल्या अरुंद पट्टीत हिरवी कुरणे, धुके व बारमाही पाऊस, अशी या प्रांताची ठेवण. रणरणत्या उन्हातील स्पेनचे चित्र ज्यांच्या मनात आहे, त्यांना येथे आपल्या सह्याद्रीतील श्रावण आठवावा.

या प्रांताचे नाव आज जगभर ऐकू येते ते सायकलींच्या शर्यतीमुळे. फ्रान्स आणि इटली यांच्याप्रमाणे स्पेनमध्येही तीन आठवड्यांची देशव्यापी शर्यत होते. तिला 'व्हुएल्टा' म्हणतात. व्हुएल्टा म्हणजे फेरी, प्रदक्षिणा. १९३५ साली एका वृत्तपत्राच्या पुढाकाराने ती सुरू झाली. या शर्यतीचा सर्वांत मानाचा घाट कोणता असे विचारले, तर बहुतेक स्पॅनिश माणसे कोवाडोंगाच्या सरोवरांचे नाव घेतील. आम्हाला या घाटाविषयी कुतूहल वाटले त्याचे कारण शर्यत नव्हे. ज्या चढणीवर एवढी झुंबड उडते, तिच्या पायथ्याशी पवित्र मरियेची गुंफा आहे, हे ते कारण.

वाट कांगास दे ओनिस या लहानशा गावातून निघते. तेथून नदीच्या कडेने सुमारे दहा किलोमीटर गेल्यावर उजव्या हातास एक उभा कडा लागतो. कड्याच्या पोटात गुंफा, गुंफेखाली धबधबा आणि गुंफेत मरियामातेची मूर्ती. लोक तिला लाडाने 'ला सांतीना' म्हणतात. आपण 'माउली' म्हणतो त्याच मायेने. धबधब्यापाशी सात धारांचा एक झरा आहे. त्याचे पाणी प्यायलेल्या मुलीचे वर्षभरात लग्न ठरते, अशी तेथील समजूत. (आमच्या धर्मग्रामातील काही आया हे वाचून तिकिटाची चौकशी करतील, अशी आम्हाला धास्ती आहे!) मातेचा सण ८ सप्टेंबरला, म्हणजे तिच्या जन्मदिनी, ज्या दिवशी वेलंकनीला सागर लोटतो आणि वांद्र्याच्या मोतमाउलीच्या जत्रेची चाहूल लागते.

गुंफेतच पेलायो या पहिल्या आस्तुरियन राजाची कबर दाखवतात. इ.स. ७११ मध्ये मुस्लिम सैन्य आफ्रिकेतून स्पेनमध्ये उतरले आणि थोड्याच वर्षांत जवळजवळ सारा देश त्याच्या ताब्यात गेला. डोंगरात आश्रय घेतलेल्या पेलायोने या कड्यापाशी एका तुकडीचा पराभव केला. परंपरा त्याचे साल ७१८ सांगते, बहुतेक अभ्यासक ७२२ मानतात. पुढे सारा ख्रिस्ती स्पेन या चकमकीतून जन्मला, असे शतकानुशतके शिकवले गेले.

येथे थोडे थांबणे आवश्यक आहे. या लढाईचा सविस्तर ख्रिस्ती वृत्तांत आपल्याला मिळतो तो आल्फोन्सो तिसरा याच्या काळातील बखरीत, म्हणजे घटनेनंतर दीडशेहून अधिक वर्षांनी. ही बखर शत्रूचे सैन्य १ लाख ८७ हजार सांगते. त्यापैकी १ लाख २४ हजार कड्यापाशी मेले आणि उरलेले ६३ हजार पळताना डोंगर कोसळून गाडले गेले. हिशेब अगदी चोख आहे; एकही माणूस शिल्लक उरत नाही. ज्याने ती अरुंद दरी नकाशावर जरी पाहिली, त्याला हे आकडे पटणार नाहीत. उलट बाजूचे अरबी लेखक सांगतात की कड्यावर मूठभर माणसे उरली होती, ती मधावर गुजराण करीत होती आणि म्हणून त्यांच्याकडे कोणी लक्ष दिले नाही. आपल्या मराठी बखरी वाचलेल्या माणसाला दोन्ही सूर ओळखीचे वाटतील. एक बाजू विजय फुगवते, दुसरी पराभव क्षुल्लक ठरवते. लढाई झाली असावी, ती लहान असावी आणि तिच्यामुळे एक छोटे राज्य तगले, एवढे आम्ही मान्य करतो. मरियामातेच्या गुंफेला मात्र लाखभर प्रेतांची आवश्यकता आहे, असे आम्हाला कधीच वाटले नाही.

ही सावधगिरी व्यर्थ नाही. जो तो सत्ताधीश या गुंफेकडे आपला विजय शोधायला आला. यादवी युद्धाच्या काळात (१९३६–३९) मूर्ती गुंफेतून नाहीशी झाली. १९३९ मध्ये ती पॅरिसमधील स्पॅनिश वकिलातीत सापडली आणि वाजतगाजत परत आणली गेली. फ्रांकोच्या राजवटीने पेलायोच्या विजयाची सांगड स्वतःच्या विजयाशी घातली. ज्या युद्धात दोन्ही बाजूंनी स्पॅनिश भावांनीच एकमेकांना मारले, त्याला धर्मयुद्धाचे नाव देण्यात आले, आणि हे सांगताना आमची लेखणी अडखळते, कारण त्या नावाला चर्चमधील अनेकांनीही दुजोरा दिला होता. ऑगस्ट १९८९ मध्ये सांतियागो येथील जागतिक युवा दिनानंतर पोप जॉन पॉल दुसरे या गुंफेत येऊन प्रार्थना करून गेले.

गुंफेपासून पुढे घाट सुरू होतो. गुंफा व गुलाबी दगडाचे महामंदिर (ते १९०१ मध्ये पुरे झाले) मागे टाकून रस्ता सुमारे बारा किलोमीटर चढतो आणि हजार मीटरहून अधिक उंचीवर एनोल व एर्सिना या दोन सरोवरांपाशी थांबतो. हा रस्ता सायकलस्वारांसाठी कोणी बांधला नाही, भाविकांसाठीही नाही. भाविकांची वाट गुंफेपाशी संपते. वरच्या कुरणांवर उन्हाळ्यात गुरे नेणारे धनगर शतकानुशतके येथून चढत होते. तेथे दगडी झोपड्यांत राहून ते गाय, मेंढी व शेळीच्या दुधाचे, किंचित धुरावलेले 'गामोनेउ' चीज करीत. आजही थोडी कुटुंबे करतात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सरोवरांलगत बुफेरेरा येथे लोखंड व मँगनीजच्या खाणी निघाल्या. खनिज खाली आणायचे तर वाट रुंद हवी. खाणी १९७०च्या दशकाअखेर थंडावल्या. त्यांचे बोगदे पर्यटकांना दाखवतात. खालच्या दरीत १९०८ साली आरियोंदास ते कोवाडोंगा अशी वाफेवर चालणारी ट्रामही सुरू झाली होती. ती १९३३ मध्ये बंद पडली.

१९१८ मध्ये लढाईच्या बाराव्या शताब्दीनिमित्त राजा आल्फोन्सो तेरावा याच्या उपस्थितीत मातेच्या मूर्तीला मुकुट चढवण्यात आला. त्याच वर्षी हा डोंगर स्पेनचे पहिले राष्ट्रीय उद्यान ठरला. त्यामागे पेद्रो पिदाल या सरदाराची खटपट होती. गिर्यारोहणाच्या इतिहासात त्याचे नाव आहे. १९०४ मध्ये नारांखो दे बुल्नेस हा सुळका त्याने प्रथम सर केला. त्याच्यासोबत ग्रेगोरिओ पेरेस हा डोंगरातला गडी होता आणि त्याच्यावाचून सरदार वर पोहोचला नसता, हे जाणकार सांगतात. पिदालचे अवशेष त्याच्या इच्छेनुसार याच डोंगरातील ओर्दियालेसच्या कड्यावर पुरले आहेत.

खाणी मिटल्या आणि चारच वर्षांनी, मे १९८३ मध्ये, व्हुएल्टाने हा घाट प्रथम चढला. बास्क प्रांतातील मारिनो लेखारेता त्या दिवशी जिंकला. अखेरची शर्यत फ्रेंच बर्नार्ड हिनोने घेतली. घाटाच्या मध्यावर 'ला उएसेरा' नावाचा टप्पा आहे. तेथे शंभर मीटर पुढे गेले की माणूस पंधरा मीटर वर चढलेला असतो. अंगाखाली दहा किलोची सायकलही मग गाढवाच्या ओझ्यासारखी वाटते. १९८७ मध्ये कोलंबियाचा लुइस एरेरा येथे जिंकला आणि पुढे शर्यतही जिंकून गेला. एके काळचा हा माळी. व्हुएल्टा जिंकणारा पहिला लॅटिन अमेरिकन. १९९५ पासून शर्यत वसंतातून सरकून सप्टेंबरात आली, त्यामुळे कधीकधी ती मातेच्या सणाच्या आगेमागेच दरीत पोहोचते.

आस्तुरियासचा स्वतःचा मोठा घाटवीर मात्र हा घाट शर्यतीत चढलाच नाही. होसे मान्युएल फुएन्ते, लोकांचा 'तारांगू', १९७२ व १९७४ मध्ये व्हुएल्टा जिंकला. मूत्रपिंडाच्या आजाराने त्याची कारकीर्द १९७६ मध्येच संपली आणि १९९६ मध्ये, पन्नाशीच्या आतबाहेर, तो वारला.

या यशामुळे आयोजकांना आणखी कठीण चढण हवी झाली. अंध व्यक्तींच्या राष्ट्रीय संस्थेतील एका अधिकाऱ्याने १९९६ मध्ये पत्र लिहून रिओसा गावावरील आंग्लिरूचा रस्ता सुचवला. गुरांसाठीच्या या वाटेवर १९९९ मध्ये शर्यत चढली. साडेबारा किलोमीटर, आणि एका टप्प्यावर शंभरात साडेतेवीस मीटरचा चढ! शेजारी मोन्साक्रो, म्हणजे पवित्र डोंगर, उभा आहे. त्यावर दोन मध्ययुगीन प्रार्थनामंदिरे आहेत, पण शर्यतीचे डोळे तिकडे वळत नाहीत. २००२ मध्ये पावसाने निसरड्या झालेल्या वाटेवर ब्रिटिश सायकलपटू डेव्हिड मिलर वारंवार पडला. अंतिम रेषेच्या अगदी अलीकडे तो उतरला, पाठीवरचा क्रमांक काढून दिला आणि रेषा न ओलांडताच निघून गेला. २०११ मध्ये येथे जिंकलेल्या हुआन होसे कोबोचे विजेतेपद उत्तेजक द्रव्यांच्या प्रकरणात २०१९ मध्ये काढून घेण्यात आले. म्हणजे आधुनिक बखरींतही आकडे तपासूनच घ्यावे लागतात.

आम्हाला म्हणूनच बखरीपेक्षा रस्ता अधिक विश्वासू साक्षीदार वाटतो. विजेत्यांची यादी कोणीही पाठ म्हणून दाखवील. खाणीतून खनिज वाहणाऱ्यांची, दुधाची भांडी पाठीवर घेऊन उतरणाऱ्या बायांची यादी कोठेच नाही. पण प्रत्येक वळण त्यांच्या पायांनी आखलेले आहे.

आज सरोवरांवर एवढी गर्दी लोटते की हंगामात खासगी मोटारी खालीच अडवल्या जातात आणि लोकांना बसने वर नेतात. २५ जुलैला, संत याकोबाच्या सणादिवशी, एनोलच्या काठी धनगरांचा मेळा भरतो. पायी आणि सायकलीने जाणाऱ्यांना घाट तेव्हाही खुला असतो.