आवळीभोजन : परंपरा आणि काळजी

आश्विन-कार्तिक म्हणजे शरद ऋतू. कार्तिक शुद्ध नवमी ही आवळा नवमी. या दिवशी किंवा कार्तिकातल्या दुसऱ्या सोयीच्या दिवशी आवळीची पूजा करून तिच्या सावलीत सहकुटुंब जेवतात. यालाच आवळीभोजन म्हणतात. इंदूरकडे आपले हिंदी भाषिक शेजारीही आवळा नवमी पाळतात, त्यामुळे दोन्ही घरांची पंगत एकत्र बसू शकते.

स्वयंपाक : पूर्वी झाडाखालीच चूल मांडत. आता मसालेभात, पुरी-भाजी, आवळ्याची चटणी घरून न्यावी. आसपासच्या उंच झाडावर आग्या मोहोळ असेल, तर धुराने माश्या उठतात.

जागा : बसण्याआधी वरच्या फांद्या पाहाव्यात. मोहोळ दिसल्यास जागा बदलावी, मुलांना दगड मारू देऊ नये. उग्र अत्तर टाळावे. गवतात काठी आपटून मगच सतरंजी अंथरावी.

माश्या उठल्यास : हात न झटकता, तोंड पदराने किंवा टॉवेलने झाकून गाडीत किंवा बंद खोलीत पळावे. पाण्यात उडी मारू नये. सुरक्षित जागी पोचताच रुतलेला काटा नखाने खरवडून काढावा. धाप लागली, चेहरा सुजला किंवा चक्कर आली, तर वाट न पाहता १०८ वर फोन करून रुग्णालय गाठावे.