मिरवणुकीचा मार्ग

नगररचना म्हणजे नकाशावर पट्टी ठेवून आखलेल्या रेषा, असा पुष्कळांचा समज असतो. इंदूरच्या इतिहासातील एक प्रसंग निराळेच सांगतो.

वनस्पतिशास्त्राचे स्कॉटिश प्राध्यापक पॅट्रिक गेडीस १९१७ साली होळकर दरबारासाठी नगररचनेचा आराखडा करण्यास इंदुरास आले. शहर प्लेगने गांजलेले होते. गल्लोगल्ली नकाशा घेऊन हिंडणाऱ्या या साहेबाची लोकांस धास्तीच वाटे. आता आपली घरे पाडली जाणार, असे जो तो म्हणे. तेव्हा गेडीसांनी दिवाळीत एक मिरवणूक योजिली आणि जाहीर केले की, ती नेहमीच्या मार्गाने न जाता, जेथील घरे सर्वाधिक स्वच्छ व दुरुस्त दिसतील त्याच रस्त्यांनी जाईल. लागलीच घरोघर झाडलोट, डागडुजी व रंगरंगोटी सुरू झाली. मिरवणुकीत प्लेगचा उंदीर होता, घाणीचा राक्षस होता. अखेरीस त्यांचे दहन झाले.

१९१८ च्या त्यांच्या अहवालाचे धोरणही तेच: जुनी वस्ती सरसकट पाडू नये; मोडकळीस आलेली मोजकी घरे काढून उजेड, वारा व मोकळी जागा मिळवावी.

पालखीच्या वाटेवर सडा-रांगोळी घालणाऱ्या समाजास यातील मर्म समजावून सांगावयास नको. कायद्याने रस्ता रुंद करता येतो. त्याविषयीचा जिव्हाळा कायद्याने निर्माण होत नाही. देवळापुढील गल्ली रुंद करण्याचा ठराव आपल्या गावी येईल, तेव्हा नकाशाशेजारी पालखीची वाटही मांडून पाहावी.